चावडीपुढचे बूट

माझे पाय जन्मापासून सपाट. ओल्या पायानं सारवलेल्या जमिनीवरून गेलं की अख्खा तळवा उमटायचा, मधे कमान म्हणून नाहीच. केळापूरकडच्या गावात लग्न होऊन आले, शेजारच्या गावी शाळेत मास्तरीण म्हणून लागले आणि रोज काळ्या मातीची पांदण तुडवायची वेळ आली, तेव्हा ते पाय बोंबलायला लागले. संध्याकाळी घरी आले की मी उंबऱ्यावरच बसून राहायची. सासरे म्हणायचे, "झेपत नाई तं सोड ना नोकरी. कोनं मांगतली तुले?" मलाच हवी होती. त्या घरात माझं म्हणावं असं दुसरं काही नव्हतं.

विदर्भ तेव्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता. यवतमाळच्या डॉक्टरांनी बंद बूट आणि त्यात कमानीला आधार देणारे चामड्याचे तळ घालायला सांगितले. सुरुवातीला दुखेल, पण काढायचे नाहीत, असं बजावलं. पांढरकवड्याच्या एका मुसलमान कारागिरानं ते शिवले. बाईच्या पायाचं माप घेताना माझ्यापेक्षा तोच जास्त लाजला. आणि दुखलं म्हणजे काय! पायाखाली लिंबू ठेवून चालल्यासारखं. पोटऱ्या भरून यायच्या. पण मी हट्टाला पेटले होते.

खरी अडचण चावडीची. गावची रीत अशी, की चावडीवर म्हातारी माणसं बसलेली असली की सुनांनी पायातलं काढून हातात घ्यायचं, खाली मान घालून जायचं आणि चावडी मागे पडली की पुन्हा घालायचं. चपलेला ते सोपं. माझ्या बुटांना नाड्या. मी भर रस्त्यात बसून त्या सोडायची, अनवाणी पलीकडे जायची, पुन्हा बसून बांधायची. येताना तेच. मंडळी गालात हसायची, त्यात सासरेही असायचे. एका सकाळी नाडीची गाठ सुटेना. मी उठले, पदर नीट केला आणि बुटांसकट चावडीपुढून निघून गेले. तळ टोचत होते, आणि खोटं कशाला बोलू, मला मजा वाटली.

संध्याकाळी सासरे ओसरीवर वाटच पाहत होते.

"तुह्या पायाले काय धाड भरली वं? साऱ्या गावात नाक कापलं माह्यं."

"पाय दुखतात, मामाजी. डॉक्टरनं काढू नको म्हटलं."

"मंग घरी बस. उद्या बूट हातात दिसले तं शाळा. नाई तं बंद."

माझ्या नवऱ्यानं आधी वडिलांकडे बघून मान हलवली, मग माझ्याकडे बघून. मी जेवले नाही. रडले मात्र, रागानं. पाय माझे आणि निकाल चावडी देणार!

सकाळी अंगणात बसून मी नाड्या घट्ट आवळल्या. नोकरी गेली तर गेली, पण बूट हातात धरणार नाही, एवढं ठरलं होतं. सासूबाई चुलीपुढून उठून बाहेर आल्या. त्यांच्या टाचांना भेगा, त्यांत त्या मेण भरायच्या. चपला होत्या, पण पायापेक्षा हातातच जास्त राहिलेल्या. त्या त्यांनी पायात घातल्या.

"चाल. मले वावरात जायचं हाये."

वावर उलट्या बाजूला होतं. मी त्यांच्याबरोबर निघाले.

चावडी जवळ आली तशी मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. त्या वाकल्या नाहीत. सासरे चिलीम हातात घेऊन बघतच राहिले. सासूबाईंनी पदर पुढे ओढला आणि मला ऐकू येईल एवढंच बोलल्या, "खाली पाहू नको. चाल."

शाळा बंद करण्याचं सासऱ्यांनी पुन्हा काढलं नाही. काढणार कसं? मग बायकोच्या चपलांचंही काढावं लागलं असतं.

चावडी मागे पडल्यावर सासूबाई थांबल्या आणि वळून त्या वाटेकडे बघत राहिल्या.

"इतलीशी तं वाट हाये वं," त्या म्हणाल्या. "मले जनमभर लय लांब वाटे."