दोन इंच जास्त

घरात माणसं चार असतात, पण दारात चपलांचे जोड चौदा निघतात. कुणी आणले, कधी आणले, कुणालाच सांगता येत नाही. आमच्या स्टाफरूममधल्या किश्श्यांचं तसंच आहे. एक सांगायला घ्यावा तर त्याखालून दुसरे तीन निघतात. त्यातले लाकूड कापायच्या कटरचे किस्से तेवढे मी सहसा सांगत नाही, कारण बहुतेकांत मीच आहे. पण आता विषय निघालाच आहे, तर ऐका.

आमची शाळा भूमपासून थोडी आत. मी गणित शिकवतो, शेख सर चित्रकला, घाडगे मॅडम मराठी. तिघांनाही घरची थोडीथोडी शेती. शेख सर आणि मी एकाच वर्षी नोकरीला लागलो, वीस वर्षं एकाच डब्यात जेवलो. आमची रानंही एकाच पांदीच्या वाटेवर, माझं इकडं नि त्यांचं तिकडं. सांगायचं एवढ्यासाठी की माणूस परका नव्हता. परक्याचं एवढं जिव्हारी लागत नाही.

*

उन्हाळ्यात एकदा वादळ झालं आणि शाळेच्या फाटकात गुलमोहराची निम्मी फांदी आडवी पडली. दुसऱ्या दिवशी निकाल होता, पालक येणार होते. हेडसरांनी ती जबाबदारी माझ्यावर टाकली. मी भूममधल्या दोन कटरवाल्यांना फोन लावले. दोघंही येडशीकडं कामावर गेलेले. मी हेडसरांना स्वच्छ सांगितलं, चार दिवस लागतील, तोवर पालकांना मागच्या दारानं घेऊ.

सकाळी आलो तर शेख सरांनी गाडीवरून एक पोतं उतरवलं. पोत्यातून नवंकोरं केशरी कटर निघालं. दोरी ओढली, तेरखेड्याच्या फटाक्याच्या माळेसारखा आवाज झाला, आणि मी डबा ठेवून येईपर्यंत फाटक मोकळं झालं होतं.

"परवाच मशीन आणली," ते मला म्हणाले. "तुम्हाला दाखवायलाच आज घेऊन आलो."

निकालाच्या वेळी हेडसर सगळ्या पालकांसमोर बोलले की शेख सरांसारखी माणसं आहेत म्हणून ही शाळा चालते. टाळ्या पडल्या. मीही टाळ्या वाजवल्या. तळहात एकमेकांना लागत होते, पण आवाज काही येत नव्हता.

*

त्या दिवसापासून मला कटरशिवाय दुसरं काही दिसेना. माझ्या रानात सात बाभळी आणि एक कडुलिंब. वर्षातून दोनदा फांद्या छाटायच्या, थोडं जळण करायचं, एवढंच काम. तरी मी रोज संध्याकाळी मोबाईलवर कटरचे व्हिडिओ बघायला लागलो. सुनंदा, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "अहो, लाईटवर चालणारी घ्या की, धूर न्हाय, वास न्हाय." मी विचारलं, रानात लाईट कुठं आहे? मग बॅटरीवाली बघा म्हणाली. बॅटरीवालीचं नाव काढल्यावर मला शेख सरांच्या मशीनचा तो आवाज आठवला. नको म्हटलं.

मी आलेखाच्या कागदावर तक्ता केला. इंजिनाची ताकद, वजन, साखळी ज्या पट्टीवरून फिरते त्या पट्टीची लांबी, सुटे भाग मिळतात का, दोरी सहज ओढली जाते का. प्रत्येकाला दहापैकी गुण. सोळा, अठरा आणि बावीस इंची पट्टीच्या तीन मशीन घेतल्या. बेरीज केली तर सोळा इंची पहिली आली. शेख सरांकडं सोळा इंचीच होती. मी पुन्हा बेरीज केली. पुन्हा सोळाच.

वीस वर्षं मी मुलांना सांगत आलोय की उत्तर आवडलं नाही म्हणून गणित बदलत नसतात. त्या रविवारी मी गणित बदललं. लांबीला वीसपैकी गुण दिले.

धाराशिवच्या दुकानदारानं झाडं किती, वर्षातून कापणार किती वेळा, सगळं नीट विचारून घेतलं आणि सोळा इंची काढून काऊंटरवर ठेवली. घरच्या कामाला हीच बरी, हलकी आहे, हात दुखत नाही म्हणाला. मी विचारलं, याच्यापेक्षा मोठी? त्यानं बावीस इंची दिली. ती मला धड धरताच येईना. मग मी अठरा इंचीवर बोट ठेवलं आणि तोंडातून निघून गेलं, "शेख सरांची सोळा इंची आहे ना."

दुकानदार म्हणाला, "त्यांची झाडं लहान हायत का?"

*

मशीन घरी आली. सुनंदानं पुढं हळदीकुंकू लावलं, मी रानात नेली. पेट्रोलमध्ये मापानं ऑईल घातलं, पुस्तकात लिहिल्याप्रमाणे सगळं केलं आणि दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. वीस वेळा ओढली, पंचवीस वेळा ओढली. खांदा भरून आला, पेट्रोलचा वास सुटला, बाभळीवरचे होले उडाले होते ते परत येऊन बसले.

पांदीच्या पलीकडं शेख सर त्यांच्या आंब्याला आळं करत होते. त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून मी मशीन घेऊन विहिरीच्या पलीकडं गेलो आणि तिथं ओढत बसलो.

मी पाणी प्यायला आलो तेवढ्यात सुनंदानं त्यांना हाक मारली होती. ते आले, घामेजलेलं माझं तोंड बघितलं आणि मशीनजवळ उकिडवे बसले. खिशातल्या पान्यानं प्लग काढला, रुमालानं कोरडा केला, चोक मागं सारला. दुसऱ्या ओढीला मशीन सुरू.

"मशीनची चूक न्हाय, तुमची बी न्हाय," म्हणाले. "पेट्रोल जरा जास्त गेलं व्हतं. सबर करायचा."

दुसरा कुणी असता तर हसला असता. हसला असता तर मला बरं वाटलं असतं. ते गेल्यावर सुनंदा म्हणाली, घ्यायच्या आधी त्यांनाच विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? त्या दिवशी मी एकही फांदी कापली नाही.

*

घाडगे मॅडमचा किस्सा वेगळाच. त्यांच्या बांधावर सुबाभळीची गर्दी झाली होती आणि मालकांना, म्हणजे त्यांच्या मिस्टरांना, कटर घ्यायचं होतं. मॅडम मधल्या सुट्टीत माझ्याशेजारी येऊन बसल्या. कुठली घ्यावी म्हणून विचारलं. मी तक्ता काढला. त्या लक्ष देऊन ऐकत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "शेख सरांची हलकी आहे म्हणतात, पण तुमच्या मशीनमध्ये दम वाटतो. एकदा प्रत्यक्ष बघायला मिळाली असती तर."

मी शनिवारी दुपारी पेट्रोल-ऑईलसकट त्यांच्या रानात हजर. अकरा सुबाभळी पाडल्या. पाठ धरली, पण मॅडमचे मालक शेजारी उभं राहून "वा, वा" म्हणत होते, त्यामुळे कळलं नाही.

रविवारी शेख सरांनी उरलेल्या नऊ पाडल्या. त्यांना मॅडमनी सांगितलं होतं, गणिताच्या सरांची मशीन दमाची आहे म्हणतात, पण काम तर तुमच्या हलक्या मशीननंच सुबक होतं ना?

पुढच्या शनिवारी त्यांनी मला जळणाचे तुकडे करायला बोलावलं, रविवारी शेख सरांना. महिन्याभरानं मी विचारलं, मग मॅडम, कुठली घ्यायची ठरली?

"आता कशाला सर?" मॅडम म्हणाल्या. "तुम्ही दोघं आहात की."

आम्हां दोघांना त्यांनी एकेक पिशवी पेरू दिले. शेख सर पोट धरून हसले. मी घरी येऊन दोन्ही पिशव्यांतले पेरू मनात मोजत बसलो. त्यांच्या पिशवीतले मोठे होते असं मला आजही वाटतं.

*

मग शाळेमागची वाळलेली चिंच पडली. पडताना एका दगडावर टेकून राहिली, मधे पोकळी. हेडसर शेख सरांना म्हणाले, तुमची मशीन आणा. मी तिथंच होतो. मी म्हटलं, त्या खोडाला सोळा इंची पुरायची नाही, माझी आणतो. शेख सर म्हणाले, दोन्ही आणू, लवकर होईल.

ते शेंड्याकडून लागले, मी बुडाकडून. मला त्यांच्याआधी संपवायचं होतं. मी वरून पट्टी घातली आणि जोर देत गेलो. निम्म्यावर आलो असेन, तोच खोड कचकन बसलं आणि पट्टी आत गच्च धरली गेली. मशीन बंद. ओढली, हलवली, लाथ मारून बघितली. खिडकीत दहावीच्या मुली उभ्या होत्या. त्यांतली एक हसली आणि मग सगळ्याच हसल्या.

शेख सरांनी आपलं काम थांबवलं. खोडाला फेरी मारली, खालच्या बाजूनं बेतानं एक काप दिला, पाचर ठोकली आणि माझी मशीन अलगद सोडवून माझ्या हातात दिली. हळू आवाजात सांगितलं की लाकडाचा भार कुठं पडतोय ते आधी बघायचं आणि मग पट्टी घालायची.

मी म्हणालो, "तुमचं बरं आहे. चित्रकलेच्या माणसाला लाकडं कापायला वेळच वेळ. आम्हाला मुलं पास करायची असतात."

हे मी मोठ्यानं बोललो. मुलींना ऐकू जाईल असं बोललो. शेख सरांनी माझ्याकडं बघितलं, मशीन पुसली, पोत्यात घातली आणि वर्गावर गेले. उरलेलं खोड कितीतरी दिवस तिथंच पडून होतं.

दुसऱ्या दिवसापासून ते खिडकीजवळच्या टेबलावर डबा खायला लागले. वीस वर्षं माझ्या डब्यातली एक भाकरी ते न विचारता घ्यायचे. आता ती भाकरी घरी परत जायला लागली. सुनंदानं दोनतीनदा विचारलं. मी म्हटलं, भूक नव्हती.

*

शेवटचा किस्सा दिवाळीनंतरचा. रविवारी सकाळी मी आणि सुनंदा रानात गेलो. पांदीपलीकडं शेख सरांनी बाभळीचं जळण रचून ठेवलं होतं. सगळे तुकडे एका मापाचे, कडेनं कड लागलेली. रस्त्यानं जाणारा एक म्हातारा थांबून ते बघत होता. मला लिंब छाटायचा नव्हता. पण ते बघितल्यावर मी मशीन काढली.

दगडावर उभा राहून खांद्याच्या उंचीवरची फांदी कापत होतो. हात थकला होता, सोळा नि अठरा इंचीतला दीड किलोचा फरक तिथं कळतो. फांदी एकदम तुटली, माझा जोर तसाच राहिला आणि फिरती साखळी खाली मांडीवर आली. दुखलं नाही. पँट फाटलेली दिसली आणि मग तिथं लाल दिसलं.

सुनंदानं पदर फाडून बांधला आणि पांदीकडं तोंड करून हाक मारली. शेख सर पळत आले. त्यांनी मला मोटारसायकलवर मध्ये बसवलं, मागं सुनंदानं मला धरलं, आणि तसे तिघं भूमच्या दवाखान्यात गेलो. वाटेत ते एवढंच म्हणाले, "धरून बसा." मी त्यांच्या खांद्याला धरून बसलो होतो. बऱ्याच दिवसांनी.

नऊ टाके पडले. डॉक्टर बाहेर गेल्यावर मी शेख सरांना म्हटलं, शाळेत सांगू नका. मुली हसतील.

"बरं," ते म्हणाले.

चौथ्या दिवशी घाडगे मॅडम डाळिंबं घेऊन बघायला आल्या. मी पलंगावर, मॅडम खुर्चीत. मॅडम म्हणाल्या, शाळेत सगळ्यांना फार वाईट वाटलं. शेख सरांनी स्वतःच सांगितलं म्हणे. त्यांची बाभूळ छाटायला त्यांनी मला मदतीला बोलावलं होतं, मी फांदी धरून उभा होतो, आणि त्यांचा मशीनवरचा हात सुटला. हेडसर सगळ्यांसमोर त्यांना लागेल असं बोलले. ती मशीन पुन्हा शाळेच्या आवारात दिसता कामा नये, म्हणाले. शेख सर मान खाली घालून ऐकत राहिले.

"माणूस चांगला आहे," मॅडम म्हणाल्या, "पण इतका निष्काळजी असेल असं वाटलं नव्हतं. तुम्ही तर किती जपून काम करणारे."

सुनंदा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. दोघीही माझ्याकडं बघत होत्या.

मी उशी जरा वर सरकवली आणि म्हणालो, "जाऊ द्या मॅडम. चुकतं माणूस. मी काही मनात ठेवलेलं नाही."

सुनंदानं मॅडमच्या हातात कप दिला. माझा कप ट्रेमध्ये तसाच ठेवून ती आत गेली.