दत्ताने ज्या गेमला पहिला नंबर दिला

दत्ता गेल्याचं मला त्याच्या मेहुण्याने फोनवर सांगितलं. तळवड्यातल्या आमच्या ऑफिसात मी नुकताच डबा उघडला होता. "दाजी गेले," एवढंच तो म्हणाला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तुला कोणी सांगितलं?" तो हळू म्हणाला, "मी इथंच बसलोय हो, त्यांच्यापाशी." फोन ठेवल्यावर मला फार ओशाळल्यासारखं झालं. पण तो प्रश्न माझा नव्हताच, दत्ताचा होता. कोणी सांगितलं, कशावरून, तू स्वतः पाहिलंस का... कॉलेजपासून ह्या प्रश्नांना मी इतका सरावलो होतो की त्याच्या बातमीलाही तोच लावून बसलो. त्याला आता दीड-दोन महिने होतील. हे लिहायला घेतलं तरी वाटतं, त्याने वाचलं असतं तर म्हणाला असता, ह्यातलं निम्मं बाल्यानं पदरचं घातलेलं हाय. बाल्या म्हणजे मी.

आमची ओळख चिंचवड स्टेशनजवळच्या एका व्हिडिओ गेम पार्लरमध्ये झाली. मी लातूरकडून डिप्लोमाला आलेला, खोलीवर राहणारा. तो चाकणजवळच्या गावचा, शेतकरी घरातला, रोज एसटीने ये-जा करणारा. मी कॉम्प्युटरविरुद्ध फुटबॉल खेळत होतो आणि सामना हातातून चालला होता. मागून कोणीतरी म्हणालं, "भावा, तू हरत न्हाईस. तुला हरवत्यात." मी मान न वळवता म्हटलं, माझंच चुकतंय. "तुझं काय चुकतंय? शेवटची पाच मिन्टं आली की त्याची माणसं जोरात पळाया लागत्यात. तुझी हाय तशीच. नीट बघ." मी नीट बघितलं. खरंच तसं होतं, की त्याने सांगितल्यामुळे मला तसं दिसलं, हे मला आजही ठरवता येत नाही. पण त्या दिवसानंतर एकही गेम मी निर्धास्तपणे खेळू शकलो नाही, आणि दत्ताशिवायही फारसा खेळलो नाही.

पुढे तो चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला लागला. दिवसभर पार्ट हातात घ्यायचा आणि ह्यात खोट असणारच असं धरून चालायचं, हेच काम. स्वभाव मुळातच तसा, त्याला पगारही सुरू झाला. लग्न झालं, लेक झाली, पुनावळ्यात फ्लॅट घेतला, तेव्हा लिफ्ट नेमकी आपल्याच मजल्यावर थांबत नाही, ह्यावरून सोसायटीच्या चेअरमनशी तो कित्येक दिवस हुज्जत घालत होता. मीही त्यातून सुटलो नाही. एकदा क्रिकेटच्या गेममध्ये मी लागोपाठ जिंकलो तर मी घरी गुपचूप सराव करतो असं त्याने ठरवून टाकलं. माझ्या घरी तेव्हा गेम खेळायचं यंत्रच नव्हतं. ते बघायला तो येऊन गेला, पलंगाखाली वाकून पाहिलं, चहा प्यायला, आणि जाताना म्हणाला, "शेजाऱ्याकडं असंल." संगीतावहिनी कपाळाला हात लावायच्या. "भावजी, तुम्ही कसे टिकलात ह्यांच्याजवळ?" असं विचारायच्या. मी म्हणायचो, तुम्ही टिकलात तसाच.

रविवार आमचा ठरलेला, त्याच्या घरी. जगातले सगळ्यात चांगले खेळांचे गेम कुठले, ह्यावर दर रविवारी वाद, आणि त्याचा निकष एकच, तो गेम लबाडी करतो का. चित्रं किती खरी दिसतात, स्टेडियममध्ये माणसं किती, हे त्याला शून्य. गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम सगळे डोक्यावर घेऊन नाचत होते. दत्ताने काय केलं, तर शर्यत सुरू झाल्यावर गाडी मुद्दाम अगदी सावकाश चालवली. पुढच्या गाड्याही सावकाश झाल्या. "बघ," तो म्हणाला, "थांबल्यात माझ्यासाठी. ही शर्यत हाय का वरात?" तो गेम बाद. कुस्तीचा एक गेम त्याला मनापासून आवडायचा, पण "ह्यात पडणारा आधी ठरल्यावाणी पडतो" म्हणून तोही खाली गेला. टेनिसच्या एका जुन्या, अगदी साध्या गेमला त्याने बरीच वर्षं दुसरा नंबर दिला होता. "हितं लपवाया जागाच न्हाई," असं त्याचं म्हणणं. पहिला नंबर मात्र रिकामा. मी म्हणायचो, अरे, दुसरा आहे म्हणजे पहिला असायलाच पाहिजे. तो म्हणायचा, "पास झाल्याबिगर कसा देऊ?"

मग पोटाचं दुखणं निघालं. आधी ॲसिडिटी म्हणून गोळ्या झाल्या, नंतर तपासण्या, नंतर कॅन्सर हा शब्द. तो शब्द दत्ताला सांगितला होता. उपचार चालू आहेत, गुण येतोय, असंही सांगितलं होतं. पुढचं डॉक्टरांनी फक्त वहिनींना आणि मला बोलावून सांगितलं. औषधं आता काम करत नव्हती. बाहेर येऊन वहिनी भिंतीला टेकल्या. "त्यांना यातलं काही कळता कामा नये," त्या म्हणाल्या. "ते खचतील. मला शब्द द्या, भावजी." मी दिला. संशयी माणसापासून एवढी मोठी गोष्ट लपवायची, हे किती अवघड जाणार याचा अंदाज आम्हा दोघांनाही नव्हता. तो आमच्या तोंडाकडे बघायचा. वहिनींनी शिरा केला तर विचारायचा, "आज काय हाय?" चाकणहून भाऊ भेटायला आला तर विचारायचा, "ह्याला सुट्टी कशी मिळाली?" थेट मात्र काही विचारत नव्हता... आणि हेच मला जास्त भिववत होतं.

औषधांनी त्याची बोटं बधीर झाली होती, तरी रविवार चुकवत नव्हता. त्या रविवारी नवा क्रिकेटचा गेम लावला होता. बॉलिंग त्याची, बॅटिंग माझी. शेवटच्या ओव्हरमध्ये त्याने टाकलेला बॉल फुलटॉस पडला आणि मी क्लीन बोल्ड झालो. पडद्यावर त्याचे खेळाडू एकमेकांच्या गळ्यात पडले. दत्ता हसला नाही. त्याने गेमचा रिमोट मांडीवर ठेवला.

"असला बॉल तू झोपेत मारतोस," तो म्हणाला.

"चुकलं राव."

"बाल्या, डॉक्टर काय म्हणाले?"

वहिनी आत पोळ्या लाटत होत्या. पोळपाटाचा आवाज येत होता. मी म्हटलं, "दत्ता, खरंच चुकलं. मी सोडला नाही."

"बरं. चुकलं. मग आईची शपथ घे, डॉक्टर तुमाला काय बोलले न्हाईत म्हणून."

मी तोंड उघडलं, पण शब्द निघेना. बॉलबद्दल मी खरं बोलत होतो आणि त्याचा उपयोग नव्हता. पडद्यावर तेच खेळाडू पुन्हा पुन्हा उड्या मारत होते, मी त्यांच्याकडे बघत राहिलो. दत्ताने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "व्हय..." बस, तेवढंच.

मला वाटलं आता तो मला जायला सांगेल. त्याने रिमोट उचलला, बधीर बोटांना जमेना म्हणून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने बटणं दाबली, आणि त्या बॉलची फेरदृश्यं लावली. एकदा पाहिली, मग सावकाश करून पाहिली. माझी बॅट फिरते, बॉल यायचा आहे, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरं उमटतात: अर्ली. त्याने पुढे वाकून ती वाचली. पुन्हा मागे नेऊन वाचली.

"न्हाई रे," तो म्हणाला. "तू खरंच चुकलास. मी म्हणत होतो, मला जिंकवायला सोडलास." आणि तो हसायला लागला, पोटाला त्रास होईपर्यंत हसला. "म्हंजे पुरावा खोटा निघाला आणि निकाल खरा." थोडा दम खाऊन म्हणाला, "लिही बाल्या. ह्या गेमला पहिला नंबर. इतक्या दिवसांत ह्या घरात मला खरं सांगणारा हा एकटाच निघाला."

त्यानंतर तो फार दिवस राहिला नाही. पण जेवढा राहिला तेवढा मोकळा राहिला. शिऱ्यामागे काय आहे हे विचारणं बंद झालं, तो नुसता खायचा. भावाला सांगून एकदा गावी जाऊन आला, एका कंपनीच्या भिंतीला लागून उरलेल्या त्यांच्या शेताच्या तुकड्यात खुर्ची टाकून दुपारभर बसला. लेकीशी काय बोलायचं होतं ते बोलला. माझ्याशी खेळायचा आणि हरायचा. मी एकही रन सोडत नव्हतो. हरला की समाधानाने मान हलवायचा.

वहिनी मात्र माझ्याशी तुटक वागायला लागल्या. दशक्रियेला घाटावर मी समोर उभा होतो, त्या माझ्याकडे न बघता निघून गेल्या. मला कारण कळत होतं. मी शब्द मोडला अशी त्यांची समजूत होती, आणि मी काही बोललोच नाही हे सांगून कोणाला पटणार होतं?

मागच्या रविवारी मी पुनावळ्याला गेलो. त्यांनी पाणी दिलं आणि उभ्याउभ्याच विचारलं, "भावजी, तुम्ही सांगितलंत ना त्यांना?"

मी त्या फुलटॉसपासून सगळं सांगितलं. शपथेचंही सांगितलं. त्या खुर्चीत बसल्या.

"म्हणजे तुम्ही बोललाच नाहीत."

"नाही. पण खोटंही बोलता आलं नाही."

त्या म्हणाल्या, "त्या दिवशी जेवताना ते मला म्हणाले, संगीता, मला कळलंय सगळं. आता तुला रडायचं असंल तर हितंच रड, बाथरूममध्ये जाऊ नको. मी नळ सोडून रडत होते, भावजी. त्यांना तेही माहीत होतं..." पदराने त्यांनी डोळे पुसले. "मी तुमच्यावर चिडले होते. पण त्या दिवसानंतरच आम्ही दोघं नीट बोललो. मग चिडायचं तरी कशाला, तेही कळेना."

चहा झाला. निघताना माझी नजर टीव्हीखालच्या कप्प्याकडे गेली. तिथे दोन्ही रिमोट वायरीला लावलेले होते, बारीक दिवे लागलेले. मी बघतोय हे वहिनींच्या लक्षात आलं.

"रविवार आला की चार्जिंगला लावते," त्या म्हणाल्या. "पडून राहिले की बॅटरी जाते म्हणे."

"दोन्ही?" मी विचारलं.

"एक लावून कसं चालेल?" त्या म्हणाल्या, आणि कपबशा उचलून आत गेल्या.