पोचलेली विनंती

आमच्या वरच्या मजल्यावर चिदानंद राहतो, वडिलांसोबत. लग्न होऊन मी हनुमंतनगरात आले तेव्हापासून त्याच्या वडिलांना, नंजुंडय्यांना, ओळखते. रेशीम कारखान्यातून निवृत्त झालेला, ताठ माणूस. मूत्रपिंडं गेली, डायलिसिस मागे लागलं, तरी रिक्षा करून एकटे जायचे. मुलाने सोबत येतो म्हटलं की भडकायचे, "मी काय बाळंतीण आहे?"

चिदानंद घरी बसून अ‍ॅप लिहितो. डायलिसिसची खुर्ची ज्यावरून राखून ठेवतात ते अ‍ॅप त्याचंच काम. त्यात एक कटकट होती. माणूस पानावरून मागे फिरला तरी फोन हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरकडे आधी पाठवलेल्या विनंतीच्या उत्तरासाठी ताटकळत राहायचा, पडद्यावर नुसतं चाक फिरत बसायचं. चिदानंदने सोय केली: मागे फिरलं की विनंती रद्द. चाक गेलं. त्या खुशीत आमच्याकडे म्हैसूरपाकही आला.

पुढे एका बुधवारी नंजुंडय्या उद्याची वेळ बघत होते, आणि बोट पडलं 'वेळ रद्द करा'वर. दचकून लगेच मागे आले. वेळ जागच्या जागी दिसत होती; हायसं वाटलं. गुरुवारी पोचले तर नर्स आजोबांना हाक मारावी तशी म्हणाली, "ताता, कालच रद्द केलीत की तुम्ही! खुर्ची दुसऱ्यांना दिली."

दुसरी खुर्ची मिळेपर्यंत पाय सुजले, श्वास लागला. अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं.

परत आले ते खचूनच. फोन मुलाच्या टेबलावर ठेवला. "तूच सांभाळ. माझ्या हाताचा भरवसा राहिला नाही." एकट्याने रिक्षाने जाणं बंद. कोपऱ्यावर जाऊन गप्पा मारणंही बंद.

जिन्यात चिदानंद भेटला. दाढी वाढलेली.

"अक्का, चूक त्यांची नाही, माझी आहे."

"अरे, पण मागे फिरलं की विनंती रद्द होते ना?"

"इकडून होते. म्हणजे फोन फक्त उत्तर ऐकायचं सोडतो. विनंती तोवर हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरपाशी पोचलेली. त्याने वेळ रद्द करून टाकली. फोनने परत विचारायला हवं होतं, तिकडे नक्की काय झालं म्हणून. ते मी लिहिलंच नाही. जुनंच पान दाखवून मोकळा झालो."

"मग त्यांना सांग की हे. माणूस आतून कुढतोय."

रविवारी त्याने सांगितलं. मी त्यांच्या पथ्याचं, भाज्या उकडून आणि ते पाणी फेकून देऊन केलेलं पल्य, म्हणजे कोरडी भाजी, घेऊन गेले होते, म्हणून समोरच होते. सगळं नीट सांगितलं त्याने, पोस्टात टाकलेलं पत्र परत घेता येत नाही, हा दाखलासुद्धा दिला. नंजुंडय्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळून हसले.

"बघितलंस का बाई? शाळेतही असाच. काच फोडायचा दुसरा, आणि मार खायला हा पुढे."

"अप्पा, खरंच माझी चूक आहे. ऑफिसातही कबूल केलंय. आता दुरुस्त केलंय. हे बघा, मागे या, अ‍ॅप स्वतः हॉस्पिटलला विचारून खरं काय ते दाखवतं. दाबून बघा."

त्याने फोन पुढे केला. नंजुंडय्यांनी दोन्ही हात शालीत ओढून घेतले.

"तू दाब, मगा," ते लेकाला म्हणाले. "मी बघतो."

चिदानंदने दाबलं. सगळं बरोबर चाललं. नंजुंडय्या कौतुकाने मान डोलावत राहिले, लहान मुलाने काढलेलं चित्र बघावं तसे.