हात झटकून आलेला माणूस

दर रविवारी मी चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण शिकवते. माझी जीभ तिखट, त्यामुळे पोरं वचकून असतात. पण गेल्या वर्षी माझ्याच मुलीने माझी बोलती बंद केली. "मम्मी, शुभवर्तमानां येशूच्या मागसून कितक्याच वर्सांनी लिवली. शिष्यांनी आपल्या गुरूची गोष्ट रंगवन सांगल्यानी नसात कशावरना?" कॉलेजात शिकते ना, प्रश्नांना तोटा नाही! मी तिला फटकारलं खरं, पण उत्तर माझ्याजवळ नव्हतं. तेव्हापासून रोजरीची माळ नुसती हातात फिरायची, मन कोरडंच. ज्याच्यावर आपलाच भरवसा डळमळलाय ते मुलांना काय शिकवायचं, या विचाराने मला रडू यायचं.

नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात गेल्या. एका संध्याकाळी माझा नवरा आणि त्याचा जोडीदार रघुनाथ मासे मारायला गेले, आणि वादळात होडी उलटली. सकाळी रिकामी होडी मालवणच्या बाजूला, दक्षिणेकडे वाहत गेलेली दिसली. गावचे लोक तिकडेच शोधायला निघाले होते. तेवढ्यात उत्तरेला आचऱ्याच्या किनाऱ्याला लागलेल्या रघुनाथला कुणीतरी रिक्षातून घेऊन आलं. तो माझ्या पायाशीच कोसळला.

"वयनी, तो जितो होतो. आचऱ्याच्या खाडीभायर आमी एका रिकाम्या कॅनाक धरून होतो. तेच्या पायात गोळो इललो. तेना माझो हात धरल्यान. मी हात झटकलंय आणि पवत सुटलंय. तो हाका मारी होतो, मी मागे वळान बघूक नाय."

रघुनाथची आई त्याला ओढू लागली, "गप रव रे, झिला!" कुणी म्हणालं, तो भांबावलाय, त्याचं काय खरं धरता? होडी दक्षिणेला सापडली, माणूस उत्तरेला कसा असेल?

माझ्या मनात मात्र एकच आलं. 'माझ्या डोळ्यांदेखत बुडाला' एवढं म्हणाला असता, तर सारा गाव त्याच्या गळ्यात पडून रडला असता. आपल्या तोंडाला आपणच काळं फासून खोटं कोण बोलेल? मी ओरडले, "होड्ये आचऱ्याक घेवा!" देवा, आता तुझ्या हवाली, एवढंच म्हटलं. कित्येक महिन्यांनी ती प्रार्थना मनापासून झाली.

दुपारी माझा नवरा सापडला. कॅनला मिठी मारून होता, ओठ फुटलेले, पण जिवंत. मी वाळूतच बसून मोठ्याने रडले.

तो हिंडूफिरू लागला तेव्हा स्वतः जाऊन रघुनाथला घरी घेऊन आला. दोघं एका ताटात जेवले. वाढताना मला येशूच्या शिष्यांचा पुढारी पेत्र आठवला. येशूला पकडल्यावर, एका दासीसमोर 'मी त्याला ओळखत नाही' म्हणणारा. शिष्यांना गोष्ट रंगवायची असती, तर पुढाऱ्याची ही नाचक्की आधी पुसली नसती का? ती त्याने स्वतःच रडत सांगितली असेल, आणि ऐकणाऱ्यांनी तशीच जपली. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला.

मुलीला हे सांगितलं, तर ती म्हणते, "मम्मी, ह्यो काय पुरावो न्हय."

"नाय गो," मी म्हटलं. "पण सगळी खात्री पटापर्यंत मी वाळूत बसान रवलंय असतंय, तर तुझो बापूस घराक इलो नसतो."