सरोजिनीबाईंच्या अंगणातला सरकारी रस्ता

घोडपदेवात बातमी उठली की सरोजिनीबाईंनी सरकारी मोजणीदाराला त्याच्याच साखळीने जांभळाला बांधून ठेवलं. दुपारी ती बातमी कॉटन ग्रीनला गेली आणि संध्याकाळी परत आली, तेव्हा बांधलेले मोजणीदार दोन झाले होते!

साफ खोटं. मी समोरच्या चाळीच्या गॅलरीतच उभी होते. बाईंनी फक्त साखळीचं दुसरं टोक धरलं होतं. मोजणीदार नाकातून म्हणाला, "ऱ्हाऊं द्यां बाई, आमचां गडी धरेंल."

"तुमचा गडी सैल धरतो. हं, आकडा म्हणा. मोठ्याने!"

तो आकडा म्हणे, बाई आपल्या वहीत उतरवत. शेवटी वही पुढे करून म्हणाल्या, "इथे सही." तसा तो साखळी तिथेच टाकून जो पळाला, त्याच्या धुरळ्यातून ही बातमी जन्मली.

सरोजिनीबाई गिरगावातल्या प्रभूंच्या घरच्या. लग्न केलं नाही, तीस वर्षं मुलींना भूगोल शिकवला. वडिलांनी मागे ठेवलेलं कौलारू घर आणि पुढचं अंगण, एवढंच काय ते त्यांचं. आता रस्ता रुंद करायचा म्हणून सरकारने ते अख्खंच मागितलं. हरकत घ्यायला मुदत तीस दिवस.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. रोज मोर्चा, रोज घोषणा. आमच्याकडे दूधवालासुद्धा 'झालाच पाहिजे'च्या चालीवर दूध घालायचा. आमच्या चाळीतला गुणाजी गिरणीत साचेवाला, हुतुतूच्या संघाचा कप्तान आणि सत्याग्रहात नुकताच आत जाऊन आलेला. तो धावतच आला.

"बाय, तुमी फकत हाक मारा! आमी धा जण रोलराफुडे आडवे पडतांव!"

"गुणाजी, आडवं सगळ्यात शेवटी पडायचं. आधी लिहायचं."

"सरकाराक लिवन काय व्हतला?"

"सरकार नकाशावर बसलंय रे. त्याला उठवून जागेवर आणायचंय."

एकोणिसाव्या दिवशी बाईंनी लेखी हरकत दिली आणि नकलेवर पोच घेतल्याशिवाय टेबल सोडलं नाही. मग सुनावणीचं बोलावणं आलं. तिथलं त्यांनी आम्हाला दोन वाक्यांत सांगितलं. मी ते, माझ्या रोजच्या सवयीने सगळ्यांचे आवाज काढून, गॅलरीत तीन वेळा करून दाखवलं. सुनावणी घेणारे साहेब चष्मा खाली ओढून म्हणतात, "हे पाहा, नकाशात या ठिकाणी मोकळी जागा आहे." आणि बाई, जशा वर्गात विचारायच्या तशा, "मग साहेब, आज सकाळी मी आंघोळ कुठे केली?"

साहेबांच्या कारकुनाला म्हणे ठसका लागला. साहेब म्हणाले, सोमवारी स्वतः येऊन पाहतो.

रविवारी गुणाजीचा संघ फक्कीची पाटी घेऊन अंगणात उतरला. हुतुतूचं मैदान आखण्यात त्यांचा हात धरणारा लालबागेत कोणी नव्हता. बाई वहीतून आकडे वाचत होत्या आणि होणारा रस्ता पांढऱ्याशुभ्र रेघेने जमिनीवर उमटत होता.

मी म्हटलं, "बाई, नोटिशीत आलेलं घर सरकारने कधी सोडलंय? जाणार ते."

"पैज?"

"पैज!"

"हरलीस तर आठ दिवस कुणाची नक्कल नाही. स्वतःच्या आवाजात बोलायचं."

"आणि जिंकले तर?"

"तर मला घर नसेल. मी तुमच्याकडे राहायला येईन. रोज भूगोल."

सोमवारी साहेब आले, मागे तोच मोजणीदार. साहेब रेघेवरून चालत निघाले. रेघ कुंपणाच्या भिंतीवरून आणि मोगऱ्यावरून गेली. घर तिच्यापासून चांगलं बारा फूट आत! साहेब थबकले.

"मग उरलेली जागा कशाला मागितली आहे?"

"खंडी, सर. खंडी आणि डांबराचीं पिंपं ठेवायलां."

बाई म्हणाल्या, "खडी दोन वर्षं ठेवा ना. भाड्याचा करार करा, रस्ता झाला की उचला. रस्त्याला लागते ती पट्टी खुशाल घ्या. मोबदला पटला नाही तर निषेध नोंदवून पैसे घेईन आणि कोर्टात जाईन. पण खडीसाठी माझं स्वयंपाकघर कायमचं?"

विचारात पडलेल्या साहेबांचा एक बूट रेघेच्या आत आला. भिंतीमागून गुणाजी गरजला, "बाऽऽद!"

अख्खा संघ ओरडला, "बाद! बाद!" साहेबांनी दचकून पाय मागे घेतला, खाली रेघेकडे पाहिलं आणि असे हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

दोन महिन्यांनी पत्र आलं. पट्टी सरकारची, घर आणि अंगण बाईंचं. गुणाजीने चाळभर पेढे वाटले. बाईंनी मला एकच पेढा दिला आणि म्हणाल्या, "बेबी, आजपासून."

पहिला दिवस मी मान हलवून काढला. दुसऱ्या दिवशी 'हो' आणि 'नाही' म्हटलं. तिसऱ्या दिवशी आईने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि डॉक्टरांकडे न्यायला चपला घातल्या.