काकाजींनी हलवलेली घरं

आमच्या काकाजींइतका मन लावून हरणारा माणूस दिग्रसमध्येच काय, अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात सापडायचा नाही. ते आमच्या कॉलेजचा सर्व्हर सांभाळत. नेमणूक झाली होती प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुवायला. पण कॉलेजात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याचा खोका कापायला चाकू फक्त त्यांच्याच खिशात निघाला, आणि त्या दिवसापासून कॉम्प्युटर हे खातं त्यांच्याकडे आलं ते आलंच. मी तिथे कंत्राटी ऑपरेटर. आमच्या टेबलांवर नुसते पडदे आणि कीबोर्ड असत. प्रत्येकाच्या फाइली, फोटो, पडद्यावरची मांडणी, हे सगळं सामान काकाजींच्या खोलीतल्या एकाच सर्व्हरवर. त्या सामानाला प्रोफाइल म्हणतात, पण काकाजी त्याला घर म्हणायचे. गणिताच्या मॅडमचं घर, ग्रंथपालांचं घर. खोलीच्या मागेच सरकी काढायची जिनिंग होती, त्यामुळे हंगामात कापसाची लव पंख्यांत जाऊन बसायची आणि काकाजी ती रोज सकाळी दात घासायच्या ब्रशने काढायचे. सर्व्हरचे दात घासून झाल्याशिवाय ते स्वतः चहा घेत नसत.

हा सर्व्हर भरत आला होता. पडद्यावरची निळी पट्टी लाल झाली, तरी काकाजींनी कुणाची एक फाइल पुसली नाही. नवीन डिस्कसाठी त्यांनी वर अर्ज केला. उत्तर आलं की अनावश्यक फाइली काढून टाकाव्यात. ते पत्र हातात घेऊन ते दिवसभर बसून राहिले. अनावश्यक म्हणजे कोणत्या, हे ठरवणारे आपण कोण, असा त्यांचा प्रश्न होता. प्राचार्यांच्या घरात त्यांच्या मुलीच्या लग्नाचं पूर्ण शूटिंग होतं, शिवाय रोज येणारी सुप्रभातची चित्रं. काकाजी त्यांना एवढंच बोलले, "सर, पाहुणे लय झाले तुमच्या घरी." प्राचार्यांना वाटलं, खरोखरच्या पाहुण्यांची चौकशी चालली आहे, त्यांनी साळा आल्याचं सांगितलं आणि विषय संपला. इतिहासाचे एक सर वारले होते, त्यांचंही घर तसंच होतं. ते तरी काढा, असं बडे बाबू, म्हणजे आमचे हेडक्लार्क, म्हणाले. काकाजी म्हणाले की सर गेले हे खरं, पण घर रिकामं करा असं सरांनी काही सांगितलं नाही.

शेवटी ग्रंथालयाच्या बंद पडलेल्या कॉम्प्युटरमधून एक जुनी डिस्क निघाली, आणि काकाजींनी सगळी घरं तिकडे हलवायचं ठरवलं. दुसरा कोणी असता तर एका रविवारी हे काम उरकून मोकळा झाला असता. काकाजींना दोन महिने लागले, कारण घर बदलताना घरचं माणूस हजर पाहिजे, हा त्यांचा नियम. ते एकेकाला बोलावून समोर बसवायचे आणि चौकडीच्या वहीत त्याच्या पडद्याचा नकाशा काढायचे, कुठलं चित्र, म्हणजे आयकॉन, कुठल्या ओळीत कितवं. सामान नव्या जागी गेलं की वही पाहून प्रत्येक चित्र जागेवर लावायचे. सुरुवातीला मला हे हास्यास्पद वाटलं. मग गणिताच्या मॅडमचं एक चित्र चुकून एक ओळ खाली बसलं आणि मॅडम तासभर हात बांधून बसून राहिल्या, कारण त्या नावं वाचतच नसत, वरून तिसरं एवढंच त्यांना ठाऊक. बडे बाबूंच्या फाइलींची नावं होती नवीन, नवीन नवीन, आणि हेच खरं नवीन. त्यांचा नकाशा काढताना काकाजींनी दोन पेन्सिली संपवल्या. प्रत्येकाला ते सांगायचे की नवं घर पहिल्यांदा उघडलं की रिकामं दिसेल, घाबरू नका, सामान मागून येते. आणि संध्याकाळी साडेपाचला टेबलाटेबलाशी जाऊन विचारायचे, "दार लावलं का?" म्हणजे लॉगऑफ केलं का. उघडं दार टाकून जाणारा माणूस त्यांना आवडत नसे.

मला ते चारचौघांत मॅडम म्हणत आणि एरवी बाई. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून पडद्यावर काही इंग्रजीत उमटलं की पहिल्या महिन्यात ते मलाच हाक मारायचे. ते बंद झालं, तेही माझ्यामुळेच. एकदा बडे बाबूंच्या पत्रातली इंग्रजीची चूक मी दाखवली. बाबू सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं म्हणाले, "मॅडमले सपनंबी इंग्रजीतच पडत असतीन बाप्पा." सगळे हसले, मीही हसले, आणि त्यानंतर कुणाच्या पडद्यावर काय लिहिलंय हे मी फक्त मनातल्या मनात वाचू लागले.

त्याच सुमारास जवळच्या तांड्यावरून एक मुलगी वडिलांबरोबर येऊ लागली. तिला नर्सिंगला प्रवेश मिळत होता, पण त्यासाठी जात पडताळणी, आणि पडताळणीसाठी आजोबांची शाळेतली नोंद. आजोबा आमच्याच संस्थेच्या शाळेत दुसरीपर्यंत शिकले होते. त्या काळच्या दाखल-खारीज रजिस्टरला, म्हणजे आलेल्या-गेलेल्या मुलांच्या नोंदवहीला, वाळवी लागलेली. पान उचललं की हातात चुरा. बाकीची रजिस्टरं काकाजींनी पूर्वीच एकेक पान स्कॅन करून आपल्या घरात ठेवली होती. हे एकच राहिलं होतं, कारण त्याला हात लावायचं त्यांचं धाडस होत नव्हतं. मुलगी आली तेव्हा ते म्हणाले, "शुक्रवारी करतो. सोमवारी छापून घेऊन जा. कागद तुयाच हातात देतो."

गुरुवारी संध्याकाळी त्यांनी सगळ्यांत शेवटी स्वतःचं घर हलवलं. दुसऱ्यांच्या बाबतीत नवं घर तपासल्याशिवाय ते जुनं मोडत नसत. स्वतःचं मात्र न तपासताच मोडलं. ग्रंथालयातून निघालेली डिस्कही तोवर भरत आली होती, आणि सामान अर्ध्यावर अडकलं. शुक्रवारी सकाळी मी हजेरीची यादी द्यायला त्यांच्या खोलीत गेले तेव्हा ते नुकतेच आत शिरत होते. पडदा कोरा निळा. त्यांच्या बैलजोडीचा फोटो नाही, चित्रं नाहीत. कोपऱ्यात इंग्रजीत एक सूचना उमटली: तुम्हाला तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये घेतलं आहे, इथे ठेवलेलं सगळं बाहेर पडताच पुसलं जाईल. काही क्षण राहिली आणि गेली. मी वाचली. काकाजींनी रिकाम्या पडद्याकडे पाहून समाधानाने मान हलवली. लोकांना दोन महिने जे सांगितलं तेच त्यांना समोर दिसत होतं.

बडे बाबू तिथेच खुर्ची टाकून चहा पीत होते. मी यादी ठेवली आणि बाहेर आले. त्या दिवशी मी त्या खोलीच्या दारापर्यंत तीनदा गेले. पहिल्यांदा बाबू होते, दुसऱ्यांदा काकाजी एक पान स्कॅनरच्या काचेवर उतरवत होते, श्वास रोखून, आणि मला वाटलं आत्ता बोललं तर पान फाटेल. तिसऱ्यांदा मला काही कारण सापडलं नाही, तरी मी बोलले नाही. कदाचित मी चुकीचं वाचलं असेन, असं स्वतःला सांगून जागेवर येऊन बसले. काकाजी एकेक पान घ्यायचे, काचेवर ठेवायचे, आणि स्कॅन झाल्यावर उचलायला गेले की पानाचा भुगा व्हायचा. एकामागून एक सगळं रजिस्टर असं संपलं. साडेपाचला ते माझ्या टेबलाशी आले, "दार लावलं का?" विचारलं, मी हो म्हटलं, आणि ते खोलीत जाऊन स्वतःचं दार लावून घरी गेले.

सोमवारी मुलगी आणि तिचे वडील बाकावर बसले होते. काकाजी बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी आत गेले तेव्हा ते हात मांडीवर ठेवून त्या निळ्या पडद्याकडे पाहत होते. शुक्रवारी स्कॅन केलेलं एकही पान त्यावर उरलं नव्हतं. "मले वाटलं, नवं घर हाय, रिकामंच दिसनार," ते म्हणाले.

मी सांगितलं की शुक्रवारी ती सूचना मी वाचली होती. इतक्या हळू सांगितलं की त्यांनी पुन्हा विचारलं, आणि मला ते दोनदा सांगावं लागलं. ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

"वाचलं होतं तं मंग सांगाचं ना बाई. मी का खाल्लं असतं तुले?"

मग ते बाहेर गेले आणि त्या दोघांना म्हणाले की चूक माझी झाली. माझी म्हणजे त्यांची. मी दारात उभी होते आणि तेव्हाही बोलले नाही. डिस्क यवतमाळला एका दुकानात नेऊन दाखवली. दुकानदार म्हणाला की इतक्या भरलेल्या डिस्कवर पुसलेल्या जागेत लगेच दुसरं काहीतरी येऊन बसतं. बहुतेक प्राचार्यांचं एखादं सुप्रभात.

पण काही पुसायचं नाही ही काकाजींची खोड. प्रत्येक पानाचा चुरा त्यांनी वेगळ्या पाकिटात भरून, वर पानाचा आकडा घालून ठेवला होता. आम्ही दुपारच्या सुट्टीत ते तुकडे काचेवर मांडू लागलो, चौकडीच्या वहीवर, कुठल्या ओळीत कितवा. सव्वा महिन्यात सहा पानं झाली. मुलीच्या आजोबांचं त्यात नव्हतं. प्रवेशाची मुदत गेली. मुलगी शेवटची आली तेव्हा तिने पुढच्या वर्षी चालेल का, एवढंच विचारलं, आणि काकाजींनी हो म्हटलं, पण ते तिच्याकडे न पाहता.

सत्र संपलं तसे ते निवृत्त झाले. त्यांची खोली आता माझ्याकडे आहे, ब्रशही. त्यांचं अर्धं आलेलं घर मी मोडलेलं नाही. इतिहासाच्या सरांच्या शेजारी ते आहे. पडद्याच्या कोपऱ्यात काहीही उमटलं की मी मोठ्याने वाचते. बडे बाबू दचकतात, मग वैतागतात, पण आता त्यांच्या टोमण्यांनी माझं वाचणं थांबत नाही. पाकिटं काकाजी घरी घेऊन गेले होते. आठवड्यातून एकदा, सोमवारी, ते काचेच्या दोन तुकड्यांत दाबलेलं एखादं पान पिशवीतून घेऊन येतात. परवा आणलं ते पान त्यांनी माझ्यापुढे ठेवलं आणि चष्मा काढून बसले.

"वाच बाई. मोठ्यानं वाच."

मी वाचलं. हरसिंग, म्हणजे त्या मुलीचे आजोबा. बापाचं नाव थावरा. इयत्ता दुसरी. त्यानंतर जातीचा रकाना, आणि त्या जागी नुसती काच, काचेतून दिसणारं माझ्या टेबलाचं लाकूड.

"पुढं?"

पुढे रिकामं आहे, असं मी म्हटलं. या वेळी माझा आवाज त्यांना पुन्हा विचारावं लागेल इतका लहान नव्हता. काकाजींनी मान हलवली, पिशवी उलटी केली, आणि तिच्या शिवणीतून निघालेला नखाएवढा एक पिवळा कण बोटाच्या टोकावर घेऊन ते बराच वेळ त्या रिकाम्या जागेवर धरून पाहत राहिले. बसला नाही. त्यांनी तो खिशातल्या एका पाकिटात ठेवला, आणि जाताना दारातून विचारलं की साडेपाच झाले, दार लावलं का.