भांडुपच्या खाडीतली नारिंगी चमक

रत्नागिरीहून मुलुंडला मावशीकडे उतरले, तेव्हा सामानात रिकाम्या काळ्या बाटल्याच जास्त होत्या. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. खाडीच्या पाण्यातल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या शेवाळांवर माझं काम चाललंय. लेसरचा प्रकाश पडला की त्यांच्या पेशी आपापल्या रंगात चमकतात. आमच्या जुन्या यंत्रावर ते रंग एकमेकांत मिसळत. त्यात भांडुपच्या खाडीच्या पाण्यात मला दिसलेली नारिंगी चमक ‘चिखलाची असेल’ म्हणून सगळ्यांनी मोडीत काढली होती. अंधेरीतल्या एका प्रयोगशाळेत स्पेक्ट्रल फ्लो सायटोमीटर आहे. ते एकेका पेशीच्या प्रकाशाचा अख्खा पट्टा वाचतं. तिथे मला दोन दिवस मिळाले होते.

भांडुपच्या जयाबाई कोळीण मला होडीतून खाडीत घेऊन गेल्या. दोन्ही बाजूंना तिवरं (खारफुटीची झाडं), लांबवर कांजूरच्या कचऱ्याच्या डोंगरावर घिरट्या घालणाऱ्या घारी. बाटल्या भरल्या आणि होडीतच त्यांनी दिलेली भाकरी अन् जवळा (बारीक सुकी कोलंबी) खाल्ला.

अंधेरीला जाताना पवईच्या चढावर रिक्षा बंद पडली. दुसरी मिळेपर्यंत बाटल्यांभोवतीच्या बर्फाचं पाणी झालं.

यंत्र चालवणारा समीर माझा जुना वर्गमित्र. बाटलीला हात लावून म्हणाला, “वाट लागली गं. कोमट झालंय. यातून काय निघणार?”

“उद्या आहे ना?”

“दुपारपर्यंतच.”

मी तिथूनच जयाबाईंना फोन लावला.

“भरती पहाटे हाय,” त्या म्हणाल्या. “येशील?”

“येते.”

या वेळी एका बाटलीत नुसता चिखल घेतला. आधी त्याचीच चमक ओळखायची आणि मग पाण्यातून वजा करायची. मावसभावाला अर्धी रजा टाकायला लावून त्याच्या गाडीतून, दुप्पट बर्फ घेऊन अंधेरी गाठली.

चिखल वजा केला, तशी पडद्यावरची बहुतेक नारिंगी चमक गेली. पण ठिपक्यांचा एक लहानसा पुंजका राहिला. त्याच्या प्रकाशाच्या आलेखाचं टोक अगदी ठळक होतं, चिखलासारखं पसरट नव्हतं.

“हा चिखल नाही, यार,” समीर पुटपुटला.

“दुसरी बाटली लाव.”

त्यातही तो होता. तिसरीतही.

परतीच्या बसमध्ये माझ्या मनात आलं, चिखल म्हणणारे बरेचसे बरोबर होते. मी त्यांच्यावर उगाच चिडत होते. तेवढ्यात जयाबाईंचा फोन आला.

“गावलं का तुझं?”

“थोडंसंच गावलं.”

“पण गावलं ना!” त्या म्हणाल्या.

तेव्हा कुठे मला मोकळं हसू आलं.